पाच ग्रॅमचा सौदा

सांगलीच्या मार्केट यार्डात ज्या गृहस्थांची हळदीची अडत पेढी आहे, त्यांना घरीदारी सगळेच आप्पा म्हणतात. सबुरीचा माणूस अशी त्यांची ख्याती. भाव चढला म्हणून हुरळायचे नाही, पडला म्हणून घाबरून माल काढायचा नाही, समोरचा आवाज चढवून बोलला तर आपण आणखी हळू बोलायचे, ही वडिलांची शिकवण त्यांनी वयाच्या 47व्या वर्षापर्यंत निष्ठेने पाळली.

हाच माणूस सकाळी सहाला बॅडमिंटनच्या हॉलमध्ये शिरला की मात्र ओळखू येत नसे. कोर्टाच्या मागच्या रेषेवर उभे राहायचे आणि उंच आलेले प्रत्येक शटल होता होईल तेवढ्या जोराने खाली हाणायचे, एवढाच त्यांचा खेळ. सौदा बिघडलेल्या दिवशी तो जोर दुप्पट होई. पेढीवर जे बोलता आले नाही ते ते तिथे बोलत असावेत. दुहेरीत त्यांच्या पुढे, जाळ्यापाशी, शेजारच्या गाळ्यातला एक तरुण व्यापारी उभा असे. सहा वर्षे त्याने ती जागा बिनतक्रार सांभाळली. मागे आप्पा आणि पुढे तो, हे कोणी ठरवले नव्हते. वयाच्या मानाने आपोआप ठरले होते.

गेल्या पावसाळ्यात आप्पांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सूज असल्याचे सांगितले आणि सहा आठवडे रॅकेटला हात लावू नका, असे बजावले. त्या काळात जुन्या रॅकेटच्या चौकटीला गेलेला तडाही लक्षात आला. नवी घेणे भाग होते. कॉलेजच्या संघातून खेळणारी त्यांची लेक त्यांना दुकानात घेऊन गेली. दुकानदार ओळखीचा, त्याने दोन रॅकेट दोन दिवसांच्या बोलीवर घरी नेऊ दिल्या.

दोन्ही योनेक्सच्या, अ‍ॅस्ट्रॉक्स 88 याच घराण्यातल्या. एकीवर ‘डी’, दुसरीवर ‘एस’. दुहेरीच्या जोडीचा विचार करूनच या दोन बहिणी घडवल्या आहेत: ‘डी’ मागून हल्ला चढवणाऱ्यासाठी, ‘एस’ पुढे जाळ्यापाशी राहणाऱ्यासाठी. आप्पांनी अर्थातच ‘डी’ उचलली, तीही 3यू वजनाची. ‘एस’ 4यू होती. 3यू म्हणजे 85 ते 89 ग्रॅम आणि 4यू म्हणजे 80 ते 84, हे लेकीने समजावले. पण व्यापाऱ्याचा विश्वास छापील आकड्यावर थोडाच बसतो! संध्याकाळी दोन्ही रॅकेट सराफ मित्राच्या काट्यावर चढल्या. एक 87 भरली, एक 82.

“पाच ग्रॅम!” आप्पा हसले. “पोत्यामागे एवढी तर धूळ निघते.”

“आप्पा, ते पाच ग्रॅम मुठीत नाहीत, हाताच्या टोकाला आहेत,” लेक म्हणाली. तिने दोन्ही रॅकेटचा दांडा बोटावर तोलून दाखवला. ‘डी’ बोटावर समतोल राहण्यासाठी आधार डोक्याच्या बाजूला जास्त सरकवावा लागत होता. वजन मुठीपासून जितके दूर, तितका ते फिरवण्याचा भार नुसता वाढत नाही, अंतराच्या वर्गाने वाढतो. जड डोके शटलमागे वजन घालते हे खरे; पण ते डोके वेळेवर शटलपर्यंत पोहोचवायचे काम खांद्याचे. दांड्याचेही तसेच. ताठ दांडा हात वेगाने फिरवणाऱ्यालाच साथ देतो. मंदावलेल्या हातात तो पुरेसा वाकत नाही आणि उसळीही देत नाही.

मग तिने बापाच्या वर्मावर बोट ठेवले. 2023 मध्ये आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या ताशी 565 किलोमीटर वेगाच्या स्मॅशची गिनेसने नोंद घेतली, तो स्मॅश नॅनोफ्लेअर मालिकेतल्या हलक्या डोक्याच्या रॅकेटने मारलेला होता! जड डोके म्हणजेच हल्ला, हा समज हॉलमधल्या बाकावर जितका पक्का आहे, तितका खरा नाही. नंदू नाटेकर याच सांगलीत जन्मले. 1956 मध्ये क्वालालंपूरला त्यांनी विजेतेपद मिळवले, परदेशात स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्यांचे नाव निघते ते हातातल्या कलेसाठी, आडदांड ताकदीसाठी नव्हे.

आप्पांनी ऐकून घेतले. त्या रात्री गच्चीवर जाऊन त्यांनी ‘डी’ हवेत फिरवून पाहिली. तिसाव्या फटक्याला खांद्याने आठवण करून दिली. ‘एस’ने पन्नास झाले. हा हिशेब त्यांनी घरात कोणाला सांगितला नाही. पण लेकीला जिन्यातून दिसले होते.

अडचण खांद्यापुरती असती तर एव्हाना सुटली असती. ‘एस’ घ्यायची म्हणजे पुढे उभे राहायचे. मागची रेषा सोडायची. ज्या एका जागी ते सबुरीचे बंधन झुगारून देत, तीच जागा दुसऱ्याच्या हवाली करायची. दुसऱ्या दिवशी पेढीवर सौदे चालू असताना ते दोनदा आकडा चुकले. मुनीमजींनी चश्म्यावरून पाहिले, बोलले काही नाहीत.

दुपारी जेवताना ते एकदम म्हणाले, “मी मागून मारतो, पण गुण कोण मिळवतो?”

लेकीने थोडा विचार केला. “बहुतेक वेळा पुढचा. तुमचा स्मॅश समोरचा कसाबसा परतवतो आणि ते उचललेलं शटल तो जाळ्यावरच मारतो.”

सहा वर्षे ती चढाई आपलीच आहे, असे आप्पा समजत होते. तिचा निम्मा नफा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत होता आणि त्याने एकदाही तो मागितला नव्हता.

दुकानात ‘एस’ ठरली. गटिंगचा प्रश्न निघाला तेव्हा आप्पांनी नेहमीच्या शांतपणे विचारले, “तार कशाची?” प्रश्न अस्थानी नव्हता. ‘गट’ म्हणजे आतडे. एके काळी रॅकेटची जाळी खरोखरच जनावरांच्या आतड्यापासून करीत, तेच नाव अजून चालत आले आहे. ही तार नायलॉनची आहे, हे दुकानदाराने वेष्टण दाखवून सांगितले. हंसाच्या किंवा बदकाच्या सोळा पिसांचे शटल या मंडळींच्या हॉलमध्ये येतच नाही, तिथे नायलॉनचेच चालते. दुकानदार 26 पौंडाचा ताण सुचवत होता. ताण जितका जास्त तितका खांद्याला धक्का जास्त, म्हणून लेकीने 23वर आणला. आप्पांनी घासाघीस केली ती फक्त किमतीत.

सोमवारी सहाला हॉल उघडला. तरुण जोडीदार सवयीने जाळ्याकडे निघाला, तर आप्पा तिथे आधीच उभे होते, रॅकेट छातीसमोर उंच धरून.

“आप्पा, तुम्ही पुढे?”

“हो. तू मागे जा, आणि मार.”

तो मागच्या रेषेवर गेला खरा. पण पहिले उंच शटल आले तेव्हा त्याने ते जपून, अलगद जाळ्यापलीकडे टाकले. आप्पांनी मान वळवली.

“अरे, मार म्हटलं ना!”