परळची चाळ ते राजगृह

चैत्यभूमीला वंदन करून झाले की आम्ही काही कार्यकर्ते दोन घरे आवर्जून पाहतो.

पहिले परळच्या बी.आय.टी. चाळीतले. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. परदेशातल्या पदव्या घेऊन आल्यावरही बाबासाहेब येथेच राहिले. माता रमाईंनी काटकसरीने संसार केला तो येथे.

दुसरे दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह. ग्रंथांना जागा हवी म्हणून बाबासाहेबांनी ते बांधले आणि मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले. पण रमाईंना ते फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या येथेच गेल्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि बाबासाहेबांचे पार्थिव याच घरी आणले. त्या दिवशी ते घर साऱ्या समाजाचे झाले.

निवारा, मग ग्रंथांची जागा, मग समाजाचे घर. एका आयुष्यात घराचा अर्थ असा वाढत गेला.

आमचा मात्र कधी कधी आक्रसतो. गावकुसाबाहेरच्या घरात, चाळीच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर दारासमोर असे. फ्लॅट घेतला की काहींच्या घरी ती आतल्या खोलीत जाते. शेजारी काय म्हणतील, ही धास्ती! बांधवांनो, ज्या घरात आपली ओळख लपवावी लागते, त्याला घर कसे म्हणावे? तसबीर दर्शनी भिंतीवर लावा, शेजारी पुस्तकांचे एक कपाट ठेवा. जयभीम!