नातीच्या पापणीवरचा लाल डाग

नात तीन आठवड्यांची असताना तिच्या पापणीवर लाल ठिपका उठला. "ग्रहणाचा डाग," शेजारणी म्हणाल्या. मी म्हणाले, "आपोआप जाईल." रक्तवाहिन्यांच्या अशा गाठी पहिले काही महिने वाढतात, मग वर्षानुवर्षे ओसरतात, हे खरंच. पण पापणी मिटू लागली. सूनबाईने हट्टाने जिंतूरहून परभणी गाठली. डॉक्टर म्हणाले, "डोळा झाकलेला राहिला तर नजर अधू होते." तपासण्या करून प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. हृदयाच्या या औषधाचा हा गुण २००८ साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडला. साखर उतरू नये म्हणून दूध पाजूनच द्यायचं. हळूहळू डोळा उघडला. यंदा क्षमावाणीला पहिली क्षमा सूनबाईचीच मागितली.