पांढरा धागा, काळा धागा

शिकारीवर बोलणे आमच्या घरात आता जवळजवळ संपले आहे. दादांच्या वेळी तसे नव्हते. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजच्या बाजूचा माळ त्यांच्या पायाखालचा होता. तितर, ससे, कधी काळवीट. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदूक ठाण्यात जमा झाली आणि मागे राहिल्या त्या फक्त गोष्टी. त्या ऐकत आम्ही भावंडे वाढलो आणि पुढे चष्म्याच्या दुकानात बसलो. भिंग आणि उजेड हेच आमचे रोजी-रोटीचे सामान.

आमचा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरी करतो. तिथे हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात करता येते. क्रॉसबोनेही करता येते. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेले आडवे धनुष्य. घोडा ओढला की बाण सुटतो. हलाल गोश्त घरचे मिळेल म्हणून त्याने ते घेतले आणि आम्हाला फोन केला, "मामू, शाम के अंधेरे में दिखना, ऐसी दुर्बीण कौनसी लेऊं?" तिथल्या नियमानुसार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार चालते, आणि हरीण बाहेर पडते ते नेमके या दोन टोकांना.

गिऱ्हाईक दुर्बीण मागते तेव्हा पहिला प्रश्न असतो, "किती पट मोठे दिसते?" अंधुक उजेडात हा प्रश्नच चुकीचा. खरा हिशेब भागाकाराचा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि त्याला पटीने भागावे. जेवढे उत्तर येईल तेवढ्या रुंदीचा प्रकाशाचा ठिपका मागच्या बाजूने डोळ्यात उतरतो. 32 मिलिमीटरचे भिंग आणि 4 पट, म्हणजे 8 मिलिमीटर. 40 चे भिंग आणि 9 पट, म्हणजे साडेचारच्याही आत. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण 7 मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर ती पाचच्या आसपास येऊन थांबते. ठिपका बाहुलीपेक्षा लहान असेल तर चित्र काळवंडते. मोठा असेल तर वरचा उजेड वाया जातो.

तेव्हा भाच्याला सांगितले की कमी पटीची घे. क्रॉसबोचा बाण तीस-चाळीस मीटरवरच मारायचा असतो, त्याला नऊ पट कशाला? बाण लवकर खाली झुकतो, म्हणून वेगवेगळ्या अंतरांसाठी आत आडव्या रेघा असाव्यात. भिंगांच्या सर्व पृष्ठांवर अनेक थरांचा लेप असावा, कारण लेप नसलेल्या काचेचे प्रत्येक पृष्ठ सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकते आणि दुर्बिणीत अशी पृष्ठे बरीच असतात. मधली खूण उजळणारी असेल तर तिचा दिवा अगदी मंद करता आला पाहिजे. भगभगीत लाल ठिपक्याने अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा दिपतो, आणि डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात.

इथवर दुकानदारी झाली. पण कितीही महाग काच घेतली तरी ती नसलेला उजेड निर्माण करत नाही. ती शंकेची वेळ फक्त काही मिनिटे पुढे ढकलते. शंका येतेच. ती मादी आहे की पाडस? मागे झुडूप आहे की माणूस? बाण बरगडीत लागला की पोटात? पोटात लागलेले हरीण अंधारात दूर निघून जाते आणि कुठेतरी तडफडत मरते. ना गोश्त, ना सवाब.

या शंकेवर आम्हाला आठवले ते हजरत अदी बिन हातिम. ज्या हातिमताईच्या दानशूरपणाच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या, त्याचे हे चिरंजीव. रमजानच्या सहरीची वेळ पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत आहे, हे ऐकून त्यांनी खरोखरच दोन दोऱ्या उशाखाली ठेवल्या आणि रात्रभर पाहत राहिले. पैगंबरसाहेबांनी (स.) त्यांना समजावले की हा रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड आहे. हदीसमध्ये शिकारीचे बारकावे विचारणारेही हेच अदी आहेत. बाण टोकाने घुसला तर खावे, आडवा आदळून जनावर मेले तर खाऊ नये. आपल्या कुत्र्यासोबत दुसरे कुत्रे दिसले तर खाऊ नये. जनावर पाण्यात पडलेले सापडले तर खाऊ नये. ते बाणाने मेले की पाण्याने, हे सांगता येत नाही. म्हणजे जिथे नक्की कळत नाही, तिथे हात मागे घ्यावा.

भाच्याला शेवटचे सांगितले ते हेच. घड्याळ अर्धा तास देईल, दुर्बीण दहा मिनिटे जास्त देईल. पण ओळख पटेनाशी झाली की तुझी वेळ संपली. त्या दिवशी बिस्मिल्ला म्हणून बाण सोडण्यापेक्षा बिस्मिल्ला म्हणून घरी निघावे.

आमच्या माळावर तर हात कायमचाच मागे घेतलेला आहे, आणि तेच बरे झाले. इथे काळविटाच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांची कैद आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र 8 हजार चौरस किलोमीटरहून मोठे होते. पुढे ते घटवून बाराशेच्या आसपास आणले गेले. ज्या पक्ष्यासाठी हे सारे केले, तो देशभरात आता दोनशेही उरलेला नाही, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. शिकारीने आणि उजाड होत गेलेल्या माळांनी त्याला संपवत आणले. उरलेल्यांना विजेच्या तारा मारतात, कारण उडताना समोरचे त्याला फार कमी दिसते. ज्याला समोरची तार दिसत नाही, त्याच्या वाटेतून ती हटवणे दिसणाऱ्याचे काम आहे.

आम्हीही संध्याकाळी माळावर जातो. गळ्यात 8 पट, 42 मिलिमीटरची दुर्बीण असते. सव्वापाचचा ठिपका आमच्या वयाच्या डोळ्याला पुरतो. सूर्य बुडाला की आधी लाल रंग विझतो. मग नर काळविटाची काळी पाठ मातीत मिसळते आणि पोटाचा पांढरा पट्टा तेवढा चालत राहतो. गवतात कधी लांडगा उभा असतो, कधी नुसताच दगड. आपल्याकडे संधिप्रकाश फार थांबत नाही, वीस-बावीस मिनिटांत नावे घेणे कठीण होते. पाहिलेले आम्ही वहीत टिपून ठेवतो. जे नक्की ओळखू आले नाही, त्याची ओळ कोरी सोडतो.