ध्येयवाक्य आता मला हवं आहे

महाविद्यालयांच्या दर्शनी भिंतीवरचे ‘व्हिजन’ आणि ‘मिशन’चे फलक उतरवून ठेवावेत, असं मी अनेक वर्षं उघडपणे म्हणत आले. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कशामुळे बदललं हे सांगायला हवं, कारण तेव्हा मी जे बोलत होते तेच बोलणारे सहकारी स्टाफरूममध्ये आजही आहेत.

त्या मताला आधार होता. उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची स्थापना १९९४ साली झाली. तिच्या मूल्यांकनाच्या सात निकषांपैकी सहावा निकष प्रशासन आणि नेतृत्वाचा होता. संस्थेचा कारभार तिच्या ध्येयाशी जुळतो का, हे तिथे पाहिलं जाई. त्यामुळे ज्यांनी आपलं ध्येय कधी लिहून ठेवलं नव्हतं, त्यांनाही ते लिहावं लागलं. घाईत, समितीने लिहिलेल्या मजकुराचे शब्द ठरून गेले : सर्वांगीण विकास, मूल्याधिष्ठित शिक्षण, जागतिक दर्जा, उत्कृष्टतेचा ध्यास. वाक्यं ‘घडविणे’, ‘जोपासणे’, ‘सक्षम करणे’ अशी संपतात. कोण करणार, कोणासाठी, कधीपर्यंत, याचा पत्ता नसतो. वरचं नाव झाकलं तर फलक कोल्हापूरच्या कॉलेजचा की चंद्रपूरच्या, हे ओळखता येत नाही. असं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असं मला मनापासून वाटे.

मग बीएस्सीच्या एका विद्यार्थिनीचा अर्ज आला. दुपारच्या तुकडीचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत तिच्या गावची शेवटची एसटी निघून जायची. ग्रामीण भागातल्या मुलींना उच्च शिक्षणाची संधी देण्याविषयी फलकावर जे वाक्य होतं, ते तिने अर्जात जसंच्या तसं उतरवलं होतं आणि त्याखाली सकाळची तुकडी मागितली होती. वेळापत्रक बदललं गेलं. ते वाक्य नसतं, तर हा अर्ज एका मुलीची अडचण म्हणून वाचला गेला असता. सवलत देणं न देणं आमच्या मर्जीवर राहिलं असतं. वाक्य होतं म्हणून ती सवलत मागत नव्हती, संस्थेने दिलेला शब्द मागत होती. शिवाय तिच्या उपयोगी पडलं ते ‘ग्रामीण मुली’ असं स्वच्छ म्हणणारं एकच वाक्य. ‘सर्वांगीण विकासा’च्या जोरावर तिला काहीही मागता आलं नसतं.

त्यानंतर मी जुन्या संस्थांचे हेतू पुन्हा वाचले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत मागासलेल्या वर्गांतल्या मुलांना शिक्षणाची गोडी लावणं आहे, गरिबांना मोफत शिक्षण आहे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव निर्माण करणं आहे. ही वाक्यंही थोरच. पण ती तपासता येत होती. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतात का, एका पंगतीला जेवतात का, हे कुणीही जाऊन पाहावं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचं, हे ठरवून टाकलं. त्या निश्चयाची किंमतही मोजली : वैधानिक दर्जा मिळायला १९५१ साल उजाडलं. या दोन्ही ठिकाणी ध्येय लिहिणं म्हणजे कुणाला आधी सामावून घ्यायचं हे ठरवणं होतं, आणि त्यासाठी सोय, मान्यता, पैसा यांतलं काही सोडायची तयारी ठेवणं होतं.

म्हणून आता फलक काढा असं मी म्हणत नाही, तो नव्याने लिहा असं म्हणते. आपल्याकडे कोणती मुलं येतात, त्यांतल्या कुणाचं शिक्षण मध्येच सुटतं, त्यांच्यासाठी आपण काय करणार, हे साध्या मराठीत लिहावं. ते प्रवेशपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावं आणि पालकसभेत वाचून दाखवावं. वार्षिक गुणवत्ता अहवालात त्यातल्या प्रत्येक वाक्याखाली यंदा काय केलं आणि किती खर्च केला, याची नोंद असावी. सलग काही वर्षं जिथे लिहायला काहीच मिळणार नाही, ते वाक्य खोडावं. अशाने दहातली दोनच वाक्यं उरली तरी चालेल. त्या दोन वाक्यांवर बोट ठेवून विद्यार्थ्याला प्राचार्यांच्या दालनात जाता आलं पाहिजे, आणि तिथून उत्तर घेऊनच बाहेर पडता आलं पाहिजे.