शेवटच्या सफीतली खुर्ची

आमच्या मशिदीत शेवटच्या सफीला पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, बुजुर्गांसाठी. दोन वर्षांपूर्वी एका जुम्म्याला त्यातली एक मी ओढून घेतली. वय 44. शेजारच्या चाचांनी असं काही पाहिलं, की कंबरेपेक्षा तेच जास्त लागलं.

एमआरआयमध्ये एल-4 आणि एल-5 मधली चकती सरकून नस दाबलेली दिसली. कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जायची. पहिल्या डॉक्टरांनी थेट ऑपरेशनची तारीखच सुचवली. मी घाबरून महिनाभर अंथरुणाला खिळलो. घरचे उपाय सुरू झाले. अम्मीचं गरम तेल, खालूंच्या आग्रहानं हिजामा. हिजाम्यानंतर दोन दिवस हलकं वाटलं, मग परत तेच. सुन्नत म्हणून आदर आहेच; पण त्यानं सरकलेली चकती जागेवर येते, असं मी कुणाला सांगणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. पायातली ताकद कमी झाली का? लघवी-शौचावरचा ताबा? मांड्यांच्या मध्ये बधिरपणा? सगळ्यांना माझं उत्तर नाही. "मग घाई नको. यातलं एक जरी झालं, तर त्याच दिवशी या. तेव्हा थांबायचं नाही." बाहेर आलेला चकतीचा भाग बऱ्याचदा शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं, हे तिथे कळलं. आणि महिनाभर पडून राहणं हीच माझी मोठी चूक होती, हेही.

फिजिओथेरपिस्ट मुलगी तरुण होती. तिनं विचारलं, "नमाजमध्ये नेमकी कळ कुठे येते?" हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, रुकूत. सजद्यातून उठतानाही. तिनं पाठ न वाकवता खुब्यातून वाकायला शिकवलं, उठताना हाताचा आधार घ्यायला सांगितलं. रोज पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, आणि चालायचं. आधी दहा मिनिटं, मग वीस. कंटाळवाणं काम. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही, पैसे पाण्यात गेले असं वाटायचं. मग एके दिवशी कळ पोटरीपर्यंत न जाता मांडीवरच थांबली. ती खूश झाली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

स्कूटर खड्ड्यात आदळली की कंबर अजूनही आठवण करून देते. गेल्या रमजानमध्ये तरावीहच्या वीसपैकी आठ रकात उभ्यानं झाल्या. उरलेल्या बारांसाठी मागे गेलो, तर चाचांनी माझी खुर्ची आधीच सरकवून ठेवली होती.