सहा कोपऱ्यांची खोली

‘मॅडम, पलंग टेकवायला भिंतच नाही हो इथं,’ असे म्हणून मिस्त्रींनी टेप मिटवली आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली स्वारगेटच्या एसटी स्थानकातून गाड्या बाहेर पडत होत्या. मी वहीत काढलेली आकृती त्यांच्यापुढे धरली. बारा बाय चौदाची खोली, म्हटले तर ऐसपैस. पण तिच्या ईशान्येच्या कोपऱ्यातून पाच बाय सहाचे न्हाणीघर कापून काढलेले. उरलेल्या जागेला चारऐवजी सहा कोपरे. दक्षिणेच्या भिंतीत बांधकामापासूनचे खोल कपाट आणि वर आडवी तुळई. पश्चिमेला खिडकी आणि गॅलरीचे दार. पूर्वेच्या उरलेल्या आठ फुटांत, अगदी टोकाला, आत येण्याचे दार. उत्तरेला न्हाणीघराच्या बाजूला सात बाय सहाची एक खोबण. राहण्यासाठी आखलेली नसून इतर सर्व सोयी झाल्यावर उरलेली, अशी ती खोली दिसते.

ते न्हाणीघर मूळ नकाशात नव्हते. २०१४ साली सासूबाईंना पक्षाघात झाला, दिवाणखान्यापलीकडच्या न्हाणीघरापर्यंत त्यांना नेणे अशक्य होऊन बसले, आणि आठ दिवसांत विटा रचून ती सोय केली गेली. खोलीचे रूप बिघडेल हा विचार तेव्हा कोणाच्याही मनात आला नाही. यायला नकोही होता. २०२३ साली त्या गेल्या. मधली नऊ वर्षे आम्ही दोघे मुलीसह लहान खोलीत निजत असू, आणि माझे तपासायचे पेपर, टिपणे, प्रबंधाची प्रकरणे हे सारे जेवणाच्या टेबलावर, ताटे उचलल्यानंतर.

सासूबाईंचे लग्नानंतरचे आयुष्य शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यातील दोन खणांच्या बिऱ्हाडात गेले. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. जागा मोजण्याचे ते माप आता माझ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. त्या बिऱ्हाडात निजायची खोली अशी नव्हतीच. रात्री वळकट्या सुटत, सकाळी पुन्हा गुंडाळून भिंतीशी चळत लागे; पुरुष बाहेरच्या खणात, बायका-मुले आत. जागा दिवसभर आपले नाव बदलत राही. मागे विद्यार्थ्यांना केळकर संग्रहालयात नेले असता कोथरूडहून आणून तिथे पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालापाशी मी बराच वेळ रेंगाळले होते. एका स्त्रीच्या नावाने ओळखली जाणारी खोली पुण्यात पाहायची तर ती संग्रहालयातच पाहावी लागते, असा एक खवचट विचार तेव्हा मनात आला होता. सासूबाईंना अशी खोली मिळाली ती त्यांच्या बासष्टाव्या वर्षी, अर्धे अंग लुळे पडल्यावर.

आणि म्हणूनच एक गोष्ट लिहिणे मला जड जाते. त्या गेल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात, घरी कोणी नसताना, मी ती खोली टेपने मोजली. मोजताना मला आनंद झाला. खोलीत अजून फिनेलचा आणि तेलाचा वास होता, फरशीवर खाटेच्या चार पायांचे डाग होते, आणि मी खिडकीखालच्या जागेची लांबी वहीत टिपून घेत होते. नऊ वर्षे मी त्यांचे सर्व काही केले. त्याबद्दल नातेवाइकांत माझे कौतुकही झाले. त्या कौतुकात हा टेपचा प्रसंग बसत नाही.

बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींत अशा खोलीला ‘मास्टर बेडरूम’ म्हणतात. ‘शयनगृह’ हा शब्द आपल्याकडे आहे खरा, पण तो नाटकातल्या सूचनांत शोभतो. घरात कोणी तो उच्चारला तर हसू येईल. गंमत अशी की, अमेरिकेतील ह्यूस्टनच्या घरविक्री व्यावसायिकांच्या संघटनेने २०२० साली ‘मास्टर’ हा शब्द आपल्या यादीतून काढून टाकला. मालक आणि गुलाम यांची आठवण त्याला चिकटलेली आहे म्हणून. आपण मात्र तो कौतुकाने जपला आहे. आमच्या घरात ती ‘आईंची खोली’ होती, आणि अजूनही तोंडातून तेच नाव निघते.

पलंगाचा प्रश्न उरला. दक्षिणेच्या भिंतीशी ठेवावा तर कपाटाचे दार उघडत नाही आणि निजल्यावर तुळई नेमकी छातीवर. खोबणीत उत्तरेच्या भिंतीला उशी लावून सहा फूट रुंदीचा पलंग बसत होता. पण दोन्ही बाजूंना अर्धाच फूट उरत असल्याने उतरायचे ते पायथ्याशी सरकत जाऊनच. शिवाय डोके उत्तरेला. माझा नवरा पदार्थविज्ञान शिकवतो आणि वर्गात अंधश्रद्धेवर तावातावाने बोलतो. परंतु डोके उत्तरेला म्हटल्यावर तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘आईला चाललं नसतं.’ त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

खरा वाद पलंगाचा नव्हताच. त्याला खिडकीखाली आरामखुर्ची आणि समोर टीव्ही हवा होता. मला टेबल हवे होते. ‘झोपायच्या खोलीत टेबल कशाला? दिवसभर तेच तर करतो आपण,’ हे त्याचे म्हणणे. मला रात्री अकरानंतरच लिहिता येते, आणि मध्यरात्रीपर्यंत दिवा जळला की त्याची झोप मोडते, हेही खरे होते. सासूबाईदेखील दिवाणखान्यातला उजेड दारातून येतो म्हणून कुरकुर करीत.

त्याच सुमारास मी वर्गात रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ शिकवत होते. १९१० सालचे हे पुस्तक किती वेळा शिकवले असेल; पण या खेपेस मी त्यातली माणसे सोडून खोल्या पाहू लागले. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन रमाबाई रानड्यांच्या घरी आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायचे ठरवले, ते रात्री. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिक्षण खुपत होते. त्यांचे बोलणे दिवसा खाली ऐकायचे आणि रात्री धडा घ्यायचा. म्हणजे नवरा-बायकोची निजायची जागा हीच त्या मुलीची शाळा होती. व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२९ साली लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःची खोली मागितली. आमच्याकडे त्याच्या अर्धशतक आधी दोघांच्या खोलीत हे काम सुरू झाले होते. त्यात शिकवणारा कोण आणि शिकणारी कोण, हा प्रश्न शिल्लक राहतोच. माझे विद्यार्थी तो विचारतात आणि त्यांनी तो विचारावा. मला मात्र त्या वर्षी एवढाच आधार पुरेसा होता की, निजायच्या खोलीत टेबल मागणारी मी पहिली नव्हे.

तोड निघाली ती त्या आडमुठ्या न्हाणीघरामुळेच. मिस्त्रींनीच सुचवले की पलंग पाच फूट रुंदीचा करावा, खोबणीत आडवा घालावा आणि उशी न्हाणीघराच्या पश्चिमेच्या भिंतीला लावावी, डोके पूर्वेला. सासूबाईंची खाट याच जागी होती हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि होकार दिला. मग न्हाणीघराची दक्षिणेची भिंत मोकळी झाली. बरोबर पाच फुटांची. तिथे माझे टेबल बसले. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणले; पलंगाला साग आणि टेबलाला साधे प्लायवुड, ही वाटणी कशी झाली ते आठवत नाही. खिडकीखाली आरामखुर्ची आली. टीव्ही दिवाणखान्यातच राहिला.

पहिल्या रात्री मी टेबलावरचा दिवा लावला आणि उठून पलंगापाशी जाऊन पाहिले. मधल्या विटांच्या खोक्यामुळे उजेड वळणावरच अडत होता. तो झोपलेल्याच्या पायांपर्यंत येतो, डोळ्यांपर्यंत येत नाही. चौरस खोलीत हे साधले नसते.

आता तिथे बसले की भिंतीपलीकडे नळ ठिबकताना ऐकू येतो आणि पहाटेच्या सुमारास स्थानकातल्या गाड्यांचे हॉर्न. मेट्रोच्या खोदकामाची धूळ खिडकीच्या चौकटीतून अजून निघते; भूमिगत स्थानक २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाले तरी ती संपलेली नाही. न्हाणीघरातला आधाराचा दांडा काढायचा का, असे मिस्त्रींनी विचारले होते. राहू द्या म्हटले.

एक चूक मात्र झाली. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे हे आम्हाला माहीत असूनही उशाची फळी भिंतीला चिकटवूनच ठोकली. यंदाच्या पावसात ती खालून फुगली. मिस्त्री म्हणतात, चार बोटे अंतर सोडायला हवे होते. दिवाळीनंतर येतो म्हणाले आहेत.