तिकीट काढून मासेमारी

"पार्टी बोट" हा शब्द आमच्या मुलीने फोनवर उच्चारला तेव्हा सौ.च्या कपाळावर आठ्या पडल्या. "या वयात कसल्या पार्ट्या करता?" असा तिचा रोकडा सवाल होता. मलाही बोटीवर गाणे-बजावणे, रंगीत दिवे असले काहीतरी दिसू लागले. पुढे कळले ते इतकेच, की ज्याला आख्खी बोट भाड्याने घेणे परवडत नाही, अशा वीस-पंचवीस अनोळखी माणसांनी आपापले तिकीट काढून एका बोटीने समुद्रात जायचे आणि गळाने मासे मारायचे, याला तिकडे पार्टी बोट म्हणतात. म्हणजे आपल्या एस. टी.सारखाच प्रकार. फरक इतकाच, की ही एस. टी. रात्रभर चालून जिथे थांबते तिथे गाव नसते.

वार्षिकाच्या संपादकांनी "सर, अमेरिकेतला एखादा गमतीदार अनुभव लिहा" असा आग्रह धरला, म्हणून हे लिहायला बसलो. गंमत त्यात आहे. पण दुसरेही काही आहे, आणि ते टाळून लिहायचे तर न लिहिलेले बरे.

2023 च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता मुलीकडे सॅन डिएगोला होतो. जावई पुण्याचे. स्वभावाने अत्यंत अगत्यशील. एका संध्याकाळी त्यांनी दोन तिकिटे माझ्यापुढे ठेवली. "बाबा, आपण दोघं जाऊ या. आजोबा मर्चंट नेव्हीत होते ना, समुद्र तुमच्या रक्तातच असणार."

या एका वाक्यापाशी मला थांबले पाहिजे. माझे वडील मर्चंट नेव्हीत नव्हते. मालवणजवळच्या देवबागला ते रापण ओढत होते. आम्ही गाबीत. 1971 साली अकरावी होऊन मी कोल्हापूरला शिकायला गेलो आणि मग प्राध्यापक झालो. मुलीचे लग्न ठरत होते तेव्हा व्याह्यांनी सहज विचारले, "आपले वडील काय करीत?" मी म्हणालो, "बोटीवर होते." खोटे त्यात एक अक्षर नव्हते. रापणीचे जाळे होडीतूनच समुद्रात सोडतात. पण व्याहीबुवा "वा! म्हणजे जग पाहिलेला माणूस!" असे म्हणाले आणि मी चहाचा घोट घेतला. तो घोट सुमारे दहा वर्षे चालू होता. मुलीला सारे ठाऊक होते. तिने कधी खोडून काढले नाही, बापाची लाज बापापाशी राहू दिली. हे मला अधिक लागत असे.

तर त्या घोटाचे तिकीट आता माझ्या हातात आले होते. नाही म्हणायला तोंड नव्हते.

पॉइंट लोमाच्या धक्क्यावरून संध्याकाळी बोट सुटली. बंदराच्या तोंडाशीच पाण्यात तरंगते पिंजरे बांधलेले असतात. तिथे थांबून खलाशांनी जिवंत सार्डिन माशांच्या पाट्यांमागून पाट्या बोटीवरच्या हौदात ओतून घेतल्या. मी वाकून पाहिले. आमची तारलीच! म्हणजे जात वेगळी, पण बहीण सख्खी. आमच्याकडे तारलीचे घबाड लागले की भाव पडत, आणि उरलेली तारली माडांच्या मुळाशी खत म्हणून जाई. इथे तिच्या हौदात रात्रंदिवस ताजे पाणी खेळवीत होते.

बोट पश्चिमेला शंभर मैलांवरच्या कॉर्टेस बँक नावाच्या जागी निघाली होती. बँक म्हणजे समुद्रात बुडालेला डोंगर. त्याचा एक सुळका पाण्याच्या पृष्ठभागापासून थोडासाच खाली आहे. 1985 साली 'एंटरप्राइज' ही अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी प्रचंड विमानवाहू नौका याच खडकाला घासली होती. खोल पाण्यातला प्रवाह असल्या डोंगरावर आपटून वर येतो, त्याबरोबर अन्न वर येते, अन्नामागे बारके मासे आणि त्यांच्या मागे मोठे. हे जावयांनी मला समजावून सांगितले. मी मान डोलावली. आमच्या वडिलांना बुडालेल्या खडकांवरचे मासे तोंडपाठ होते, हे मी सांगितले नाही.

रात्री काय झाले ते थोडक्यात उरकतो. समुद्र ज्याच्या रक्तात होता तो माणूस रात्रभर कठड्याला धरून ओकत होता. पुण्याचे जावई गाढ झोपले होते.

पहाटे इंजिनाचा सूर बदलला. कप्तान यंत्राच्या पडद्यावर खालचे मासे पाहत होता. एक खलाशी मूठ-मूठ तारली पाण्यात फेकीत होता. सगळी मंडळी कठड्याला खांद्याला खांदा लावून उभी. कोणी सुतार, कोणी दंतवैद्य, एक आजीबाई नातवाबरोबर आलेल्या. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो. मासा वर आला की त्याच्या कल्ल्याला त्या क्रमांकाची चिठ्ठी टोचतात, म्हणजे पुढे भांडण नको. प्रत्येकाने थोडे डॉलर काढून एक पैजही लावली होती. सर्वांत मोठा मासा ज्याचा, पैसे त्याचे. रापणीतही पंचवीस-तीस माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, पण तिथे मासा कुणा एकाचा नसतो. सगळा ढीग वाळूवर पडतो आणि मग जाळ्याचे, होडीचे, ओढणाऱ्याचे असे वाटे पडतात.

आमच्या बाजूला जो खलाशी होता तो विशीतला, कॉलेजात शिकणारा मुलगा. दोर बांधता बांधता पाच मिनिटांच्या आत त्याने मला सांगून टाकले, की त्याचे पणजोबा पोर्तुगालच्या बेटांवरून आले आणि इथे ट्यूना पकडीत असत. पॉइंट लोमाला असे पोर्तुगीज कोळी पुष्कळ. बोटीच्या कडेला बाहेर लोंबणाऱ्या जाळीच्या फळीवर, गुडघाभर लाटेत उभे राहून ते बांबूच्या काठीने मासा उचलून डोक्यावरून मागे टाकीत. मासा फार मोठा असला तर दोघे-तिघे मिळून एकाच गळाला काठ्या जोडीत. सॅन डिएगोला ट्यूनाची राजधानी म्हणत ते यांच्या जिवावर. मग 1960 च्या आसपास नायलॉनची मोठी पर्स जाळी आणि ती ओढणारी यंत्रे आली, काठ्या मोडीत निघाल्या. त्या जाळ्यांत डॉल्फिन मरू लागले म्हणून 1972 साली कायदा झाला, बोटी दूरच्या समुद्रात गेल्या, आणि 1980 च्या दशकात डबाबंद मासळीचे इथले कारखाने बंद पडले. "आता आम्ही मासे नाही, माणसं भरतो," असे तो हसून म्हणाला.

मला त्याच्या पणजोबांचे कौतुक वाटले नाही. कौतुक वाटले ते त्याच्या पाच मिनिटांचे. आणि गोष्ट तर आमच्याच घरची होती. आमच्या किनाऱ्यावरही ट्रॉलर आले, रापणीला मासा उरेना. महाराष्ट्रात सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा 1981 साली झाला, तोवर वडिलांनी जाळ्यातला आपला वाटा विकला होता. त्या पैशांतून माझ्या एम. ए.च्या शेवटच्या वर्षाची फी गेली.

"बाबा, तारली घ्या," जावई म्हणाले. हौदातून जिवंत तारली काढणे हे त्या मासेमारीतले निम्मे काम आहे. ती जोरात धरली की तिचे खवले हाताला लागून येतात, आणि खवले गेलेली तारली पाण्यात सरळ पोहत नाही. मोठा मासा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. जावयांच्या हातून तीन तारल्या गेल्या. माझा हात आपोआप पाण्यात गेला. ओल्या तळव्याचा द्रोण करून, नाकाचा रंग न बदललेली, पाठ हिरवी असलेली एक मी उचलली आणि नाकाच्या हाडातून गळ ओवला. बावन्न वर्षांत हा हात खडूशिवाय कशाला लागला नव्हता.

जावई माझ्या हाताकडे पाहत राहिले. "हे कुठं शिकलात?"

मी काही उत्तर देणार तोच माझ्या रिळावरची दोरी सुटू लागली. सुटू लागली म्हणजे काय, तर वाऱ्यासारखी निघाली. खलाशी ओरडला, "माशाच्या मागं चला!" या बोटीवर एका जागी उभे राहून चालत नाही. मासा बोटीला वळसा घालतो, आणि आपण काठी घेऊन दुसऱ्यांच्या दोऱ्यांच्या कधी खालून कधी वरून त्याच्या मागे फिरायचे. मी आजीबाईंच्या काठीखालून गेलो, दंतवैद्याच्या डोक्यावरून गेलो. माझे दंड थरथरत होते. घाईघाईने रीळ फिरवू लागलो तशी दोरी ताठ होऊन कण्हू लागली, आणि अगदी कानाशी बोलल्यासारखे वडील बोलले, "जोर करू नको रे झिला. येवचो तर येतलो." ते मी मोठ्याने उच्चारले असावे. कारण जावयांनी "काय म्हणालात?" असे विचारले.

पस्तीस मिनिटे गेली. शेवटी मासा बोटीच्या पोटाखाली गोल गोल फिरू लागला. थकलेला ट्यूना असाच फिरतो. खाली निळ्यात एक चंदेरी अंग वळे, दिसेनासे होई, पुन्हा वळे. दोन खलाशांनी आकडे मारून त्याला वर घेतले. अठ्ठेचाळीस पौंड भरला. निळ्या परांचा हा ट्यूना, म्हणजे ब्लूफिन, जपानच्या बाजूच्या समुद्रात जन्मतो आणि वर्ष-दोन वर्षांचा पोर असतानाच आख्खा पॅसिफिक ओलांडून इकडे येतो. इथे खाऊन-पिऊन मोठा झाला की अंडी घालायला परत तिकडे. बेसुमार मासेमारीने 2010 च्या सुमारास ही जात फारच रोडावली होती. 2015 पासून इथल्या हौशी माणसाला दिवसाला दोनच मासे नेता येतात. 2024 च्या मोजणीत ती बरीच सावरल्याचे दिसले.

खलाशाने कल्ल्याजवळ सुरी घालून रक्त वाहू दिले. नाहीतर मांस काळवंडते. मी खाली बसून माशाच्या पाठीवर हात ठेवला आणि दचकलो. मासा ऊन होता. लहानपणापासून हजारो मासे मी हाताळले, सगळे पाण्याइतके गार. ट्यूनाच्या अंगात शिरांचे असे जाळे असते, की कल्ल्यांकडून येणाऱ्या गार रक्ताला आतून जाणारे ऊन रक्त ऊब देऊन जाते. ती ऊब समुद्रात वाया जात नाही. त्याच जोरावर तो एवढा पल्ला पोहतो, आणि थांबला तर त्याला श्वासही घेता येत नाही. हे सगळे मी नंतर वाचले. त्या वेळी नुसता हात ठेवून बसलो होतो. वडील गेले तेव्हा मी पोचेपर्यंत त्यांचे अंग गार पडलेले होते.

दुपारी मासा लागेनासा झाला. मंडळी भटारखान्यात बर्गर खात बसली. आम्ही दोघे मागच्या बाजूला होतो. मी म्हणालो, "माझे वडील मर्चंट नेव्हीत नव्हते." आणि सगळे सांगितले. रापण, देवबाग, विकलेला वाटा, चहाचा घोट.

जावई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग आमच्या बाबांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी पुढे काही विचारलं नाही."

"विचारलं होतं, बाबा."

यावर काय बोलणार? समुद्राकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "मी सांगू, की तुम्ही सांगाल?"

"मी सांगेन," मी म्हणालो. ते अजून सांगितलेले नाही. परतल्यावर दोनदा पुण्याला जाऊन आलो. दोन्ही वेळा चहा झाला, पोहे झाले. बोलण्यात मी तसा कच्चा नाही, पस्तीस वर्षे वर्गात बोललो. पण हे लिहूनच व्हायचे होते असे दिसते. अंकाची एक प्रत संपादकांकडून व्याह्यांच्या पत्त्यावर जाणार आहे.

परतीच्या वाटेवर जावयांनी मला झोपू दिले नाही. रापणीत ओढणाऱ्याला किती मिळे? जाळे किती लांब असे? पावसाळ्यात काय खात होता? काही उत्तरे मला येत होती, काही मी विसरलो होतो. वडिलांना विचारायला हवी होती अशी कितीतरी उत्तरे मला मुळातच ठाऊक नव्हती. पैज दंतवैद्याने जिंकली.

धक्क्यावर पोचायच्या आधी खलाशी प्रत्येकाचा मासा साफ करून तुकडे पिशव्यांत भरून देतात, त्याचे वेगळे पैसे. माझ्या क्रमांकाचा मासा त्या पोर्तुगीज मुलाने फळीवर घेतला. डोके तोडून तो ते पाण्यात भिरकावणार तोच मी ओरडलो, "थांब!" आमच्याकडे कुप्याला, म्हणजे ट्यूनाला, कोणी फारसे विचारीत नाही, काळ्या रक्ताचा मासा म्हणून तो स्वस्तात जातो. पण कुठल्याही माशाचे डोके फेकून देणारा माणूस आमच्या घरात जेवला नसता. मुलगा हसला. त्याच्या आजीचेही असेच होते म्हणे. डोके त्याने वेगळ्या पिशवीत बांधून दिले.

घरी मुलीने पिशवी उघडली, आत पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले. त्यांनी नुसती मान हलवली. तिने फळीवरून एक बाटली काढली. तळाशी मूठभर तिरफळे होती. "आजी घालायची तेवढीच घाला हं," ती म्हणाली, "आणि ठेचून." तिला आजीचे तिखले आठवत असेल हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. नारळ खवायला सौ. बसली.

अडचण एकच आली. त्या घरातल्या एकाही पातेल्यात ते डोके मावेना. शेवटी जावई गॅरेजमध्ये गेले आणि लाकूड कापायची करवत धुऊन घेऊन आले.